घराक अर्थ नाय

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची लाइट गेली. एखाद्या गल्लीची किंवा एखाद्या फेजची नव्हे, मुंबईचीच; ठाण्याला आणि नवी मुंबईलाही सोबत घेऊन. लोकल रुळांवर जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मी वाकोल्याला आमच्या घरी भूप ऐकत होतो. रेकॉर्ड जुनी, रेकॉर्ड प्लेअर त्याहून जुना आणि ऐकणारा दोघांनाही सीनियर. गवयाची तान वरच्या षड्जाकडे निघाली होती, ती वाटेत मंद्राकडे वळली, तिथून पाताळात उतरली आणि थांबली.

त्यानंतर जे ऐकलं ते वाकोल्यात मी कधी ऐकलं नव्हतं. काहीच ऐकू आलं नाही. पंखा नाही, फ्रिज नाही, वरच्यांचा मिक्सर नाही. करोनामुळे विमानंही मोजकीच उडत होती. मी हात जोडून बसावं तसा बसून राहिलो.

दुपारी लाइट आली. फ्रिजने अंग झटकलं, पंखा फिरू लागला, वरच्यांनी अर्धवट राहिलेलं वाटण पुरं केलं आणि माझ्या दोन्ही स्पीकरांतून आवाज आला : घूंऽऽऽ. रेकॉर्डवर सुई ठेवलेली नव्हती.

"हे काय नवीन?" मी ओरडलो.

"नवीन कुठलं? कित्येक वर्षं आहे ते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला वाटलं तुमचा तंबोरा."

एखाद्या घरात चाळीस वर्षं शास्त्रीय संगीत वाजतं आणि घरातलं दुसरं माणूस विजेच्या आवाजाला तंबोरा समजून चालतं, यात दोष कुणाचा हा प्रश्न मी तेव्हा काढला नाही. पण पेटी काढली. सूर सापडायला वेळ लागला नाही. पांढरी पाच, जराशी चढी. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते; ॲम्प्लिफायरच्या पोटात तिचा उलटा अर्धा हेलकावा सुलटा करून घेतात, त्यामुळे तिथे त्याचे १०० होतात. पेटीवरची खालची पांढरी पाच ९८ च्या आसपास असते. म्हणजे आमची घुंई पांढरी पाचच्या बोकांडी बसलेली, पण नीट न बसलेली.

आता यातली खरी आपत्ती गाणं कळणाऱ्याच्याच लक्षात येईल. अनेक गवई काळी एकमध्ये गातात. काळी एकचा सा धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. भूपात मध्यम वर्ज्य. शुद्ध नाही, तीव्र नाही, चुकूनही नाही. तर माझ्या घरात गेली कित्येक वर्षं भूप हा तीव्र मध्यमासकट वाजत होता, तोही न्यास देऊन, सेकंदाचीही विश्रांती न घेता. आणि मी डोळे मिटून मान डोलवत होतो! काळी चारला गाणाऱ्या बाईंची रेकॉर्ड लावावी तर तोच सूर निषाद होतो, आणि भूपात निषादही वर्ज्य. घुंईने वर्ज्य स्वरांचा चांगला अभ्यास केलेला दिसत होता.

थोडं समाधान एवढंच की या बेसुरेपणात मी एकटा नव्हतो. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाला जोडली गेली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या ट्यूबलाइटचे चोक, सगळे ट्रान्सफॉर्मर आणि सगळे बिघडलेले ॲम्प एकाच श्रुतीत घुमतात. ती श्रुती ४९.९० आणि ५०.०५ यांच्या मध्ये राहावी असा नियम आहे. इतक्या काटेकोर सुरात राहण्याचा नियम आपल्याकडे गायकांनाही नाही. आमच्या उपनगराच्या बिलावर आधी बीएसईएस हे नाव होतं, मग रिलायन्स आलं, २०१८ पासून अदानी आहे. घराणं बदललं, सूर तोच. अमेरिकेत वीज ६० हेलकाव्यांची. न्यू जर्सीच्या भाच्याला मी मुद्दाम पेटीवर हिशेब करून कळवलं की तुमची घुंई काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे, फटीत पडते. तिची साथ पेटीवाल्यालाही करता येणार नाही. भाच्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

"एवढं काय त्या आवाजाचं?" हिचा प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो कुठे, तर एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला विमानतळ. विमानतळ नेहमीसारखा चालू असला की दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. त्यात मार्केटातले भाजीवाले, दत्त मंदिर रोडवरचे हॉर्न, सेंट अँथनीची घंटा, भोंगे, आणि भाद्रपदात ढोल. हे सगळं मला चालतं. चालतं म्हणजे ऐकूच येत नाही. विमानाच्या वेळी आम्ही वाक्य मधेच थांबवतो, विमान गेलं की पुढचा शब्द उचलतो, आणि पाहुणे गोंधळतात. पण विमान माझं नाही. हायवे माझा नाही. घुंई माझ्या पैशाने घेतलेल्या स्पीकरांतून, माझ्या पैशाच्या विजेवर, माझ्या दिवाणखान्यात येत होती. सासऱ्यांचं घोरणं आणि स्वतःच्या पोटाची गुरगुर यांत जो फरक आहे, तोच इथे होता.

प्रथम मी बाहेरच्यांवर संशय घेतला. माणूस घेतोच. रडारचं नाव घेऊन पाहिलं, मग रेल्वेचं. रेल्वेविरुद्ध माझी केस खरं तर भक्कम होती. १९२५ साली मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. डीसी हेलकावत नाही, ती घुमत नाही. पण २०१२ साली पश्चिम रेल्वेच्या लोकलचं डीसीवरून २५,००० व्होल्टच्या एसीवर जाणं पुरं झालं, आणि ती एसी ५० हेलकाव्यांची! मी हा पुरावा जेवताना मांडला. हिने भाकरी उलटली आणि विचारलं, "स्टेशन इथून किती लांब? आणि फ्रिज किती लांब?"

फ्रिज बंद केला. घुंई तशीच. फ्रिजमधलं दूध मात्र नासलं, कारण तो परत चालू करायचा राहिला.

तेव्हा मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. उपनिषदांत ब्रह्म शोधायची जी रीत सांगितली आहे, ती घुंईलाही लागू पडते : नेति नेति. हे नाही, हे नाही, असं म्हणत एकेक गोष्ट बाजूला करत जायची. उरेल ते ब्रह्म किंवा बिघाड. ॲम्पच्या मागच्या सगळ्या वायरी काढल्या. पहिली परीक्षा आवाजाच्या बटणाची. बटण फिरवल्यावर घुंई कमी-जास्त होते का? होत असेल तर चोर बटणाच्या अलीकडे, म्हणजे प्लेअर, टीव्ही, वायरी यांच्यात. होत नसेल तर चोर पलीकडे, ॲम्पच्या पोटात. दुसरी परीक्षा कानाची. कान स्पीकरला लावायचा, मग ॲम्पच्या पत्र्याला. पत्राच घुमत असेल तर ते ट्रान्सफॉर्मरचं लोखंड. त्याच्यातून वीज खेळली की लोखंड सेकंदाला शंभर वेळा आळोखेपिळोखे देतं, केसाच्या कितीतरी लहान अंशाने, पण देतं. मी रात्री अकराला स्पीकरला कान लावून, एक डोळा मिटून उभा असताना सासूबाई पाणी प्यायला उठल्या. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र हिला म्हणाल्या, "जावईबापूंना जरा कोकणात घेऊन जा."

माझ्या घरी दोन्ही परीक्षांचा निकाल लागला तो असा : बटण शून्यावर नेलं तरी थोडी घुंई उरत होती आणि वाढवलं की खूप वाढत होती. म्हणजे चोर दोन. एक घरातला, एक बाहेरचा.

घरातल्या चोरासाठी ॲम्प रिक्षात, मांडीवर घेऊन, स्टेशन. तिथून ग्रँट रोड. तिथून लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण सोल्डरिंगचा वास ज्यांना ओळखता येतो ते त्याला लॅमिंग्टनच म्हणतात. एका जिन्याखाली, दोन माणसांना उभं राहता येणार नाही एवढ्या जागेत, एक कारागीर बसले होते. त्यांनी ॲम्प उघडला आणि आत फुंकर मारली. १९९४ पासूनची धूळ माझ्या शर्टावर आली. मग टेस्टरच्या टोकाने दोन मोठे कंडेन्सर दाखवले. कंडेन्सरचं काम विजेचे हेलकावे गिळून सपाट वीज पुढे द्यायचं. हे दोघे सुकले होते, डोक्यावर फुगले होते आणि काही गिळत नव्हते. "साब, ये तो पेन्शन में गये," ते म्हणाले. दोन्ही बदलले. चालू केला. मी कान लावला.

"अभी भी थोडा आ रहा है," मी म्हणालो.

"हम तो रहेगा साब," ते अतिशय शांतपणे म्हणाले. "थोडा हम तो सब के घर में रहता है."

मला पहिल्यांदा वाटलं हे गृहस्थ आमच्याकडे राहायला येणार. मग कळलं की 'हम' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. पण या वाक्यावर मी अंधेरीपर्यंत विचार करत होतो. उतरायचं सांताक्रूझला होतं.

घरी आल्यावर बटण शून्यावर असताना घुंई गेली, हे खरं. बाहेरचा चोर उरला. आता तो रेकॉर्ड प्लेअरवर जास्त जोर धरत होता, आणि त्याचं कारण समजल्यावर मला त्या बिचाऱ्या सुईची दया आली. सुईखालून जी वीज निघते ती जेमतेम ५ मिलिव्होल्ट. शेजारच्या सॉकेटात २३० व्होल्ट, म्हणजे सेहेचाळीस हजार पट. लाउडस्पीकरच्या मांडवात बसून कुणी कानात गुपित सांगावं, त्यातली ही गत. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबून कापतात, नाहीतर चर एकमेकांत घुसतील. आणि वाजवताना ॲम्प तो खर्ज पुन्हा वर काढतो. १९५४ पासून याचं माप ठरलेलं आहे. त्या मापाने ५० हेलकाव्यांचा सूर १००० वाल्याच्या सातपट उचलला जातो. म्हणजे ज्या सुरात घुंई येते, नेमका तोच सूर लाडाने कडेवर घ्यायची सोय कारखान्यातूनच झालेली!

प्लेअरच्या मागून एक बारीक हिरवी वायर निघते, ती ॲम्पच्या एका स्क्रूला बांधायची असते. माझी ती वायर स्क्रूला नव्हती. ती कपाटामागे जाऊन हिच्या तोरणाच्या दोऱ्याला बांधलेली सापडली. "दोरा लहान पडला होता," ही म्हणाली. वायर स्क्रूला बांधली. घुंई अर्ध्यावर आली. तोरण खाली आलं.

पंख्याच्या रेग्युलेटरनेही मधे आपलं नाव लावून घेतलं. जुना रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरची काळी पेटी, हात लावला तर भाजायची, पण आवाज म्हणून नसायचा. त्या जागी आलेला गोल बटणाचा विजेची लाट अर्ध्यात छाटतो, आणि छाटलेल्या लाटेची करकर स्पीकरांत उतरते. तो बदलून टप्प्याटप्प्याचा बसवला. याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही; एवढी सरळ भानगड या प्रकरणात दुसरी नव्हती.

उरली ती खर्जातली, पन्नासची. शेजारच्या ईस्ट इंडियन आंटींनी सुचवलं की बुधवारी-मंगळवारी कधीही जा, सेंट अँथनीला मेणबत्ती लाव. मी म्हटलं, "आंटी, तो हरवलेलं शोधून देतो. मला सापडलेलं हरवायचंय." त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, मग नुसती मेणबत्ती पुरणार नाही.

शेवटी आमच्या इमारतीचे जुने वायरमन आले. मूळचे सावंतवाडीकडचे, वायरिंगबद्दल बोलायचं झालं की मालवणीवर येतात. त्यांनी मीटर काढला, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात एक टोक आणि न्यूट्रलला दुसरं लावलं. एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत तिथे अडतीस दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टर बघतात तसं.

"सायबानू," ते म्हणाले, "तुमच्या घराक अर्थच नाय."

पासष्टाव्या वर्षी, निवृत्तीनंतर, बायको-सासूंच्या देखत हे वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. 'अर्थिंग' म्हणायचं होतं त्यांना. पण ते बोलले ते अर्थ, आणि नंतरचा अर्धा तास आमच्या घरात जे संभाषण झालं ते एखाद्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभलं असतं. अर्थ आहे की नाही? होता, पण गेला. कुठे गेला? जमिनीत. मग घुंई कशाने? इथे वायरमन टीव्हीमागे वाकले, केबलची जाड काळी वायर उपटली, आणि घुंई चाट पडली. वायर लावली, घुंई हजर. काढली, गप्प.

"ह्यो दुसरो अर्थ," ते म्हणाले.

प्रकरण असं होतं. केबलवाल्याची वायर गच्च्यांवरून, आंब्याच्या झाडावरून पलीकडच्या इमारतीतून आलेली. तिच्या बाहेरच्या जाळीला अर्थ मिळतो तो तिकडचा. माझ्या ॲम्पला अर्थ आमच्या इमारतीचा, तो असा अडतीस व्होल्टवर तरंगणारा. टीव्हीची ध्वनी वायर या दोघांना जोडते. दोन ठिकाणची जमीन, दोन्हींची पातळी वेगळी, आणि मधे माझी बोटाएवढी वायर. त्या वायरीतून दोन्ही जमिनींचा हिशेब रात्रंदिवस चालू, आणि त्याचीच घुंई. गावची आणि मुंबईची जमीन एकाच सातबाऱ्यावर चढवायला निघालेल्या भावांच्या घरात जशी असते तशी. "एकच अर्थ ठेवूक व्हयो," वायरमन म्हणाले, "दोन झाले की भानगड." दादा कोंडक्यांनी दोन अर्थांवर सिनेमांमागून सिनेमे रौप्यमहोत्सवी केले, मला एका केबलने दोन अर्थांत रडवलं.

इथे एक सोपी वाट होती, आणि ती मला तीन जणांनी सुचवली : ॲम्पच्या तीन पिनांतली मोठी पिन बाद करायची. टू-पिन लावला की ॲम्पचा अर्थ सुटतो, एकच अर्थ उरतो, घुंई जाते. मी ते एक दिवस करून पाहिलं. घुंई गेली. संध्याकाळी एक जुने मित्र आले, कौतुकाने ॲम्पवर हात ठेवला आणि "मुंग्या आल्या" म्हणाले. गाणं न लावता. ती मोठी पिन इतरांपेक्षा लांब असते ती उगीच नाही. ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते, म्हणजे पत्र्यात वीज उतरलीच तर आधी जमिनीला कळावं, मग तुम्हाला. तिला तोडणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून चोरासाठी दार उघडं ठेवणं. मी थ्री-पिन परत लावला आणि टीव्हीपासून ॲम्पपर्यंत काचतंतूची वायर ओढली. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. दोन्ही अर्थांची बोलाचाल बंद. ॲम्पला ती थेट घेता येत नाही, मधे एक चिमुकली डबी लागते. तीही आणली.

पण अडतीस व्होल्ट डोक्यातून जाईनात. इमारतीचा अर्थ गेला कुठे?

त्याचं उत्तर २६ जुलै २००५ मध्ये होतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि वाकोला नाला मिठीत जायचं सोडून आमच्याकडे आला. आम्ही तळमजल्यावर. पाणी बोर्डापर्यंत चढताना हिने आधी पिठाचे डबे माळ्यावर टाकले, मग पापडांचे, आणि मग, जागा उरली म्हणून, माझा ॲम्प. पाणी ओसरल्यावर सोसायटीने ठराव करून कंपाउंड दीड फूट उचललं. भरणी टाकली, तिच्यावर लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवले, फोटो काढले. त्या भरणीखाली अर्थिंगचा खड्डा होता. खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला एक लोखंडी पाइप, त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा थराथराने घातलेला, लोणच्यासारखा. आणि लोणच्याला तेल तसं याला पाणी, उन्हाळ्यात तर हवंच. कोरडी जमीन वीज घेत नाही. आमच्या बरणीला पंधरा वर्षं थेंब मिळाला नव्हता. मीठ विरघळून गेलेलं, पाइप गंजलेला, आणि वर नेमकी सेक्रेटरींची गाडी.

सभेत मी विषय मांडला. "अर्थ खणून काढायचा आहे" हे वाक्य इतिवृत्तात आजही आहे. एका सभासदाने विचारलं, यात सोसायटीचा अर्थ किती जाणार? खजिनदार म्हणाले, अर्थाला अर्थ लागणारच. रेकॉर्ड प्लेअर सोडून गीझरच्या शॉकवर बोललो तेव्हा कुठे हात वर झाले. गाडी हलवली, बारा ब्लॉक उचलले, नवा पाइप, नवं मीठ, नवा कोळसा. वायरमननी मीटर लावला. दीड व्होल्ट. घरी येऊन भूप लावला. बायकोने तंबोरा कुठे गेला म्हणून विचारलं.

पाणी घालायचं काम सभेने माझ्यावर टाकलं. म्हणून उन्हाळाभर मी सकाळी आंघोळ करून, तांब्या घेऊन बाहेर जातो आणि जमिनीतून वितभर वर आलेल्या पाइपवर पाणी ओततो. वॉचमन नवा आहे. पहिल्या आठवड्यात तो नुसता बघायचा. दुसऱ्या आठवड्यात उठून उभा राहू लागला. मग पाइपच्या टोपणाशी जास्वंदीचं फूल दिसलं, नंतर हळदीकुंकू. मिठाची पिशवी ओततानाही कुणीतरी पाहिलं असावं, कारण बी विंगमधल्या एक बाई नातवाची दृष्ट काढून मीठ-मोहरी तिथेच टाकून गेल्या. परवा तिथे नारळ होता. सेक्रेटरींनी आपली गाडी तीन फूट मागे घेतली आहे आणि येता-जाता चपला काढतात.